बंबवाली

“ताई, वास कुठून येतोय ते शोधत बसू नका. आधी आम्हाला कळवा, बाळाला उचला, बाहेर पडा आणि निघताना दार ओढून घ्या. शोधायचं काम आमचं.” अग्निशामक दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्या बाईंनी मला हे सांगितलं होतं, आणि मी “हो हो” करत ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. त्यांना एव्हाना माझा आवाज ओळखू यायला लागला होता. मी पत्ता सांगायच्या आत त्या “चौथा मजला ना?” म्हणायच्या. किराणावाल्यानं आवाजावरून ओळखावं, मुलांच्या डॉक्टरांनी ओळखावं. पण आगीचे फोन घेणाऱ्या बाईंनी ओळखावं म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं.

आमच्या मुलीला घरात बिट्टी म्हणतात. ती झाली आणि मला घरात धोक्यांशिवाय काही दिसेनासं झालं. टेबलाला कोपरे आहेत, हे मला आधी माहीतच नव्हतं. मी संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई. शक्यता म्हणजे काय ते मला कागदावर छान मांडता येतं. पण बिट्टी झोपेत जरा जास्त वेळ हलली नाही, की मी तिच्या नाकासमोर बोट धरून उभी. नवरा म्हणायचा, हिची पदवी परत घ्या, ही शून्याला शंभरानं गुणते आणि उत्तर शंभर आणते.

पहिला फोन मात्र खरा होता, हे मी आजही ठासून सांगते. बिट्टीनं बाथरूममध्ये शिरून दाराची खालची कडी लावून घेतली होती. कडी लावता येते पण काढता येत नाही, अशा वयाची होती ती. मी दारावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. लाल गाडी आली. एक जवान दाराशी मांडी घालून बसला आणि फटीतून मांजराचे आवाज काढत राहिला. दुसरा मागच्या बाजूनं शिडीवरून खिडकीशी गेला, काचेच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या आणि आत उतरला. बिट्टी बालदीत बापाचा दात घासायचा ब्रश धूत बसली होती. दार उघडून बाहेर आल्यावर शिरस्त्राणवाला माणूस बघून तिनं भोकाड पसरलं, ते थांबलं त्यांच्या साहेबांच्या मिशा बघून. त्या मिशा होत्याच तशा, दोन्ही गालांवर घर केलेल्या. मिशीवाल्या साहेबांनी स्वतः पेचकस घेऊन ती कडी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही आता कपाटात ठेवा, मुलीच्या लग्नात द्या.

मग मला चटक लागल्यासारखं झालं, असं नवऱ्याचं म्हणणं. तसं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं की या शहरात कुणीतरी असं आहे, ज्यांना बोलावलं की ते येतात. का बोलावलं म्हणून खेकसत नाहीत, उद्या या म्हणत नाहीत. एकदा गॅसचा वास आला म्हणून बोलावलं. खाली दुकानाच्या शटरला रंग देत होते. एकदा जिन्यातल्या मीटरच्या कपाटातून चर्र चर्र असा आवाज यायला लागला. साहेबांनी हातमोजे चढवले, सगळ्यांना मागे सारलं, कपाट उघडलं, विजेरी मारली आणि बराच वेळ आत बघत राहिले. आत रातकिडा होता. त्यांनी तो मुठीत धरून बाहेर आणला आणि जिन्याच्या खिडकीतून सोडून दिला. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, जीवितहानी नाही.

त्या दिवशी आमच्या समोरचं दार उघडं होतं आणि दारात मावशी उभ्या होत्या, गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. मावशी म्हणजे नात्यानं माझ्या कुणी नव्हेत. आम्ही राहायला आलो तेव्हा पडद्यांची शिलाई विचारायला गेले आणि त्यांनी मापं घेता घेता माझं वय, माहेर, सासर, पोटातलं बाळ सगळं काढून घेतलं, तेव्हापासून मावशी. एकट्याच राहायच्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि कापडांचे ढीग. मग एक अरुंद बोळ. आणि मागे झोपायची खोली, तिला बाल्कनी. दवाखान्यातल्या नर्सबाईंचे पांढरे कपडे, पाळण्यातल्या गाद्या, उशा असलं शिवायच्या. पांढऱ्यावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. ऐकू कमी यायचं. कानात यंत्र होतं, पण जेवून आडव्या झाल्या की ते काढून ठेवायच्या. म्हणायच्या, सकाळभर जगाचं ऐकलं, आता जगानं तासभर गप्प बसावं. बिट्टीच्या सगळ्या गाद्या-उशा त्यांच्या हातच्या. उशीची शिवण उसवली तर पोरीच्या तोंडात कापूस जाईल, या माझ्या भीतीपायी त्यांनी प्रत्येक उशीला दुहेरी शिवण घातली होती, आणि हसत हसत घातली होती.

त्यांच्या घराची एक चावी माझ्याकडे असायची. त्यांनीच दिली होती. पडले-झडले तर दार फोडायला नको, चांगल्या लाकडाचं आहे, असं म्हणून.

तर रातकिड्याच्या दिवशी गाडी गेली, जिना रिकामा झाला आणि मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढून मला विचारलं, “गेली का गं तुझी माहेरची माणसं?” आणि वर, “चहा तरी करायचास गं, बंबवाली.”

ते नाव चिकटलं. मावशींच्या तोंडी ते गोड होतं. त्या दार वाजवून “बंबवाली आहे का घरात” असं विचारायच्या आणि हातात बिट्टीसाठी चिंध्यांची बाहुली असायची. पण नाव जिना उतरत गेलं तसं बदलत गेलं. तिसऱ्या मजल्यावर पोचलं तेव्हा त्यात जरा खवचटपणा आला, आणि तळमजल्यावरच्या दुकानदारानं गिऱ्हाइकांसमोर “काय बंबवाल्या वहिनी, आज सुट्टी वाटतं” असं विचारलं तेव्हा मी पाव न घेताच परत आले. बिट्टी तेवढ्यात बोलायला लागली होती. खेळण्यातला फोन कानाला लावून ती म्हणायची, “हॅलो, आग. लवकर या.” सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे, पण माझं पोट दुखायचं ते वेगळ्या कारणानं.

नियंत्रण कक्षातल्या बाईंशी ते बोलणं झालं ते यानंतर. वरच्या मजल्यावरून करपल्याचा वास येत होता. मी फोन लावला, पण लावल्यावर धीर सुटला. म्हटलं, बहुतेक काही नसेल, मी आधी वर जाऊन बघून येऊ का? त्यावर त्या बाईंनी मला ते सुरुवातीला लिहिलं ते सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवतात तसं.

गाडी आली. वरच्या घरातली मंडळी दूध गॅसवर ठेवून गच्चीत वाळवण बघायला गेली होती. पातेलं कोळशासारखं काळं झालं होतं, घरात धूर होता, पण आग नव्हती. साहेबांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्या मंडळींना चार शब्द सुनावले. खरं म्हणजे तो फोन बरोबर होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. पण जिना उतरताना, सगळ्या मजल्यांची माणसं कठड्याला टेकून बघत असताना, मिशीवाले साहेब माझ्या दाराशी थांबले आणि हसून म्हणाले, “ताई, तुमच्यासाठी एक गाडी खाली कायमचीच उभी करून ठेवू का?”

जिना वरपासून खालपर्यंत हसला. नवरा माझ्या शेजारीच होता, तोही हसला. समोरच्या दारातून मावशी हसल्या. त्यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी आत आले, दार लावलं आणि स्वतःशी ठरवून टाकलं की यापुढे डोळ्यांनी ज्वाळा दिसल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही.

*

त्या दुपारी बिट्टी झोपली होती आणि मी तिचे कपडे घडी करत होते. वास आला तो कापडाचा. जळक्या कापडाचा नव्हे. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की येतो तसा, उबट, किंचित गोडसर. मी आधी माझी इस्त्री बघितली. थंड, कपाटात. मग स्वयंपाकघर. मग घरातलं एकेक बटण, एकेक प्लग नाक लावून हुंगला. पलंगाखाली वाकले. बाल्कनीत जाऊन खाली बघितलं. दार उघडून जिन्यात आले तर तिथे वास जास्त होता.

हातात फोन होता. नंबर पडद्यावर काढलेला होता, फक्त अंगठा टेकवायचा बाकी. मी तो न टेकवता नवऱ्याला निरोप पाठवला, जिन्यात जळका वास येतोय म्हणून. त्याचं लगेच उत्तर आलं: “पुन्हा?” आणि पुढे हसरं तोंड.

मी नंबर पुसून टाकला.

मावशींच्या दाराची घंटा वाजवली. उघडलं नाही. दुपारी त्या उघडायच्याच नाहीत, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही. साहेबांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं की बंद दारामागे आग आहे का ते बघायला दाराला हाताची मागची बाजू लावायची. मी लावली. दार कोमट होतं. कोमट म्हणजे काय समजायचं, हे मी विचारलं नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, ते दारावर पडत असेल, अशी मी माझी समजूत घातली. ऊन दारापासून चांगलं हातभर लांब पडलं होतं. चौकटीच्या वरच्या अंगाला एक बारीक काळसर रेघ उमटली होती, तीही मी पाहिली. पाहिली आणि मनात म्हटलं, आता बोलावलं आणि आत मावशींनी नुसता इस्त्रीचा चटका दिलेला सदरा निघाला, तर? जिन्यात सगळे पुन्हा उभे राहतील. आधी बघून घेते. खरंच काही असेल तर मग फोन करते.

म्हणून मी चावी आणली आणि दार उघडलं.

आत ज्वाळा नव्हत्या. खोली नुसती भरलेली होती, छतापासून कमरेपर्यंत दाट करड्या धुरानं, आणि शिवणयंत्राखालच्या कापसाच्या ढिगात लालसर काहीतरी धुमसत होतं, राखेतल्या निखाऱ्यासारखं. इतकं शांत होतं सगळं. मग माझ्या पाठीमागून जिन्यातली हवा आत गेली. मला ती जाताना जाणवली, केस पुढे आले माझे. त्या खोलीनं एक लांब श्वास घेतला, आणि ढीग पेटला. नुसता पेटला नाही, भडकला. पडदा, इस्त्रीचं टेबल, टांगलेले पांढरे कपडे, एकाला लागून दुसरा.

मी मावशींना हाक मारली. एकदा की दोनदा ते आठवत नाही. ज्या बाईला कानात यंत्र नसताना दारावरची घंटा ऐकू येत नाही, तिला मी जिन्यातून हाक मारत होते. मग मला बिट्टी आठवली. मी वळले, घरात पळाले, तिला पांघरुणासकट उचललं आणि जिना उतरायला लागले. मावशींचं दार माझ्यामागे सताड उघडं राहिलं.

फोन मी दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर केला. त्याच बाई होत्या. “चौथा मजला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, पण यावेळी खरंच. त्या म्हणाल्या, “ताई, आमच्यासाठी दर वेळी खरंच असतं. आत कोण आहे?”

पुढचं मी रस्त्यावरून पाहिलं. उघड्या दारातून धूर जिन्यात आला आणि वरच्या माणसांना खाली येता येईना. गाडी आली. पाठीवर हवेच्या टाक्या बांधलेली दोन माणसं पाण्याची नळी ओढत जिन्यानं आत गेली, आणि मागच्या बाल्कनीला शिडी लागली. मावशींना त्या शिडीवरून एका जवानानं खाली आणलं. त्या शुद्धीवर होत्या. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा काळा, आणि दोन्ही हात पुढे धरलेले, आपले नसल्यासारखे. मी बिट्टीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. ती मात्र खुशीत होती. लाल गाडी आली, लाल गाडी आली, म्हणून टाळ्या वाजवत होती.

*

सोसायटीतल्या लोकांनी मला शाबासकी दिली. बंबवालीमुळेच म्हातारी वाचली, असं तळमजल्यावरचा तो दुकानदार येईल त्याला सांगत होता. नवऱ्यानं घरी आल्यावर माझ्यासमोर फोन धरला, त्यात ते हसरं तोंड तसंच होतं. नंतर बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता.

मला कळत नव्हतं ते एवढंच, की मी दार उघडलं नसतं तर काय झालं असतं. हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. मी बिट्टीला घेऊन अग्निशामक केंद्रात गेले. अंगणात धुतलेल्या नळ्या पसरल्या होत्या, आणि काही वाळायला उंच मनोऱ्यावर टांगल्या होत्या. त्यांतून पाणी ठिबकत होतं. साहेब एक नळी गुंडाळत होते. मला बघून त्यांनी ती खाली ठेवली. मी विचारलं, आणि वर हेही म्हटलं, की मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

त्यांनी तसं काही सांगितलं नाही. खिडक्या बंद, दार बंद, त्यामुळे आग आत हवेवाचून गुदमरली होती, असं ते म्हणाले. झोपायच्या खोलीचं दारही लोटलेलं होतं. आम्ही बाहेरून बाल्कनीतून गेलो असतो, बाईंना उठवलं असतं, मग पाणी तयार ठेवून पुढचं दार उघडलं असतं. खोकल्या असत्या दोन दिवस. पण खोली भडकल्यावर आच बोळातून मागे गेली, त्या जाग्या झाल्या, आणि माणूस सवयीनं जातो तसं पुढच्या दाराकडे गेल्या. बोळाच्या तोंडाशी पेटलेला पडदा होता. तो त्यांनी हातांनी बाजूला सारला.

“हे नक्की असंच झालं असतं का?” मी विचारलं.

नक्की काहीच नसतं, ते म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवला आणि खालमानेनं बोलले, “त्या दिवशी जिन्यात मी ते गाडीचं बोललो ना. आम्ही रोज कुणाच्या तरी दारात जातो, वातावरण जरा हलकं करायला काहीतरी बोलून जातो. तुम्ही फोन का नाही केलात ते मला त्या दुपारी तुमचं तोंड बघूनच कळलं.” मी काही म्हणायच्या आत त्यांनी बिट्टीला उचलून गाडीच्या पायरीवर बसवलं आणि तिला घंटा वाजवायला दिली. ती वाजवत राहिली. आम्ही दोघं त्या आवाजाच्या आडोशाला उभे राहिलो.

दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेले. मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. त्यांच्या भाच्यानं कानाचं यंत्र घरातून शोधून आणून घातलं होतं. धुरानं काळं पडलं होतं, पण चालत होतं. भाचा औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी मावशींना सगळं सांगितलं. वास, निरोप, चावी, कोमट दार, आणि ते उघडं टाकून पळाले ते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. पट्ट्यांकडे बघत ऐकलं.

“इतर वेळी करतेस की फोन,” त्या म्हणाल्या. “या वेळी का नाही केलास?”

“हसतील म्हणून.”

मग म्हणाल्या, “नाव मीच ठेवलं होतं, नाही का.”

मी म्हटलं, तसं नाही मावशी, तुमचं हसणं वेगळं होतं. पण त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर मला बरं झालं असतं. माझ्या वाटणीचंही त्यांनी अर्धं आपल्याकडे ओढून घेतलं, आणि ते मला परत घेता येईना. डॉक्टर काय म्हणतात ते मी विचारलं. बोटं हलतील म्हणाले, पण सुईत दोरा ओवायचं विसरा, असं त्यांनी सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची बातमी. मग म्हणाल्या, दमले गं, जरा कानातलं काढ, माझ्या हातानं निघत नाही.

मी त्यांच्या कानातून ते यंत्र काढलं आणि उशाशी ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. मला आणखी खूप बोलायचं होतं, आणि ते आता त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी तरीही थोडं बोलले.

पुढच्या खेपेला गेले तर पलंगावर दुसरी बाई होती. भाच्यानं त्यांना आपल्या घरी नेलं होतं. काही दिवसांनी तो त्यांचं उरलंसुरलं सामान न्यायला आला. शिवणयंत्र त्यानं नेलं नाही, जळून सांगाडा झालं होतं. मी त्याला जिन्यात गाठलं आणि पत्ता मागितला. तो वाईट माणूस नाही. आवाज न चढवता म्हणाला, “आत्याकडे लक्ष द्यायला समोर तुम्ही आहात म्हणून आम्ही इतकी वर्षं निर्धास्त होतो. आता पुरे झालं. तिला शांत राहू द्या.” मी म्हटलं, निदान दिवसा त्यांच्याजवळ कोण असतं तेवढं सांगा. आम्ही दोघंही नोकरी करतो, तो म्हणाला, पण इमारत नवी आहे, खाली पहारेकरी असतो, लिफ्ट आहे, दार आपोआप बंद होतं. तो हे मला धीर द्यायला सांगत होता. मला त्यातलं फक्त एवढंच ऐकू आलं, की मावशी उंचावर कुठेतरी, बंद दारामागे, दिवसभर एकट्या आहेत.

मी हल्ली फोन करते. वास आला की करते, आवाज आला की करते, आणि कठड्याला टेकून कोण हसतं ते वर बघत नाही. पण मावशींच्या घरी काय वास येतोय ते मला इथून कळत नाही. त्यांच्यासाठी कुणाला फोन लावायचा तेही माहीत नाही. नियंत्रण कक्षातल्या बाईंना मी एकदा विचारलंसुद्धा. ताई, पत्त्याशिवाय आम्ही कुठे जाणार, त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या इमारतीत या वर्षात एखाद्या घरी कुणाची वयस्क आत्या राहायला आली असेल, दोन्ही हातांवर गुलाबी, ताणलेली कातडी असेल, आणि तुमच्या अंगातल्या कपड्याची शिवण ती बोलता बोलता बारकाईनं बघत असेल, तर त्या आमच्या मावशी. त्यांची एकदा चौकशी करा. घरातली माणसं कामावर गेल्यावर करा, तेव्हा त्या एकट्या असतात. घंटा वाजवलीत तर उघडायला वेळ लागेल, त्या हातांनी कडी फिरत नसेल. दोन मिनिटं थांबा, कुणी नाही म्हणून परत फिरू नका. त्यांच्या घराची चावी कुणाकडे तरी आहे का ते विचारा, आणि नसेल तर तुम्ही मागून घ्या. आत गेलात तर बसा थोडं. जेवण गरम कोण करून देतं, गॅस कोण बंद करतं, ते बघा. त्या विनोद करतील, तुम्हाला काहीतरी नाव ठेवतील, ठेवू द्या. आणि उद्याही जा.